माती, खडा आणि कुकरची शिट्टी

बारापात्रेनं आमचा कुकर परत केला तेव्हा आधी नुसती शिट्टी दिली.

दोन हजार वीस सालचा मे महिना. दार वाजलं म्हणून उघडलं, तर दोन मीटर लांब, फुटपाथवर, मास्क लावलेला मुकुंद बारापात्रे. आमच्या पायरीवर पेपर नॅपकिन अंथरलेला आणि त्यावर सॅनिटायझरनं पुसलेली शिट्टी. कुकर त्याच्या बगलेत.

"उचला," तो म्हणाला.

"कुकर दे की."

"आधी शिट्टी, पुणेकर. शिट्टी हाती आल्याशिवाय कुकरचा ताबा होत नाही. आणि साक्षीला कोण? वहिनींना बोलवा. दोघं लागतात."

रेवती कणकेच्या हातानं बाहेर आली. दुसरी साक्षीदार म्हणून आमची सात वर्षांची ओवी. दोघींच्या देखत मी शिट्टी उचलली, मग त्यानं कुकर पायरीवर ठेवला, "सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान" असं हवेत जाहीर केलं आणि गेला. ओवी मराठी समजते सगळं, पण उत्तर देते ते इथल्या इंग्रजीत. ती म्हणाली, "ही इज गॅस." डब्लिनकडे गमतीशीर माणसाला असंच म्हणतात. तेव्हापासून तो दारात दिसला की ती आत येऊन वर्दी द्यायची, "बाबा, युअर मॅन विथ द व्हिसल." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'तो माणूस'.

बारापात्रे मूळचा नागपूरचा. माझ्याच ऑफिसात, ग्रँड कॅनाल डॉकला. कोविडमुळे ऑफिस बंद झाल्यावर आम्ही दोघं डब्लिनच्या उपनगरात, ॲडम्सटाउनला, आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्याचा भाड्याचा फ्लॅट आमच्या समोरच्या इमारतीत. वय चाळीस, डोक्यावर केस कमी, बोलण्यात मात्र कसलीच कमी नाही. डब्लिनला येण्याआधी तो एडिंबरात होता. तिथे त्याला काम मिळालं होतं स्कॉटलंडचे जुने जमिनीचे दस्त कॉम्प्युटरला वाचायला शिकवण्याचं. कॉम्प्युटर काही शिकला नाही, प्रकल्प गुंडाळला गेला. बारापात्रे तेवढा शिकला, आणि ते त्याच्या अंगात भिनलं ते भिनलंच.

त्या दस्तांना म्हणतात सेझिन. हा शब्द तो इतक्या प्रेमानं उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणा मावशीबद्दल बोलतोय. त्या काळी स्कॉटलंडात जमीन दुसऱ्याच्या नावावर करायची तर नुसता कागद चालत नसे. देणारा, घेणारा, नाहीतर त्यांचे मुखत्यार, आणि साक्षीदार अशी सगळी मंडळी थेट त्या जमिनीवर जाऊन उभी राहायची. मग तिथलीच मूठभर माती आणि एक दगड उचलून जमीन घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. झाली जमीन त्याची. कोण हजर होतं, कुठे उभे होते, किती ते कितीच्या दरम्यान, हे सगळं नोटरी नंतर लिहून काढायचा. ते लिहिलेलं म्हणजे सेझिन.

"म्हणजे बघा," बारापात्रे म्हणायचा, "कागद मागून येते. माती आधी."

हे वाक्य तो कुठेही लावायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी डिझाइनचं डॉक्युमेंट दाखवायला लागलं की हा म्यूट काढून मराठीत पुटपुटायचा, "कागद मागून येते." आमचा आयरिश मॅनेजर समजायचा की हा कसलातरी आशीर्वाद देतोय.

जमिनीला माती आणि दगड. पाणचक्की असेल तर दाणे सोडायची पेटी. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. होडी हातात कशी देत असतील असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही हसून राहिले. पण आज तुमचं घर तुमचं आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? ईमेलवरून." पुढे कायदा बदलला आणि शेतावर जायची गरज उरली नाही, नुसती नोंदणी पुरे झाली. हे सांगताना त्याचा आवाज पडायचा. घरातलं कुणीतरी गेल्यासारखा.

उन्हाळाभर आमच्या वस्तूंची त्याच्याकडे ये-जा चालू राहिली. किसणी नेली, परत करताना आधी एक गाजर दिलं. छत्री नेली, तिच्यावरून झाडलेलं थोडं पावसाचं पाणी वाटीत आणलं. रेवती वैतागायची. "याला सांग, नवा कुकर विकत घे. मी दर आठवड्याला साक्षीला उभी राहणार नाही." आणि दर आठवड्याला उभी राहायची. मग एकदा ती भांडी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, लावता लावता म्हणाली, "अरे, याला कुकर नको असतो. याला साक्षीदार हवे असतात. दोन माणसं समोर उभी राहतात ना तेवढ्यापुरती." मी त्याच्याशी रोज बोलत असूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कारण बारापात्रेचं लग्न झालेलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, नागपूरला. बायको वैजयंती, तिथल्या शाळेत गणित शिकवायची. दोघांचीही लग्नाची वेळ निघून गेली असं नातेवाइकांनी ठरवून टाकल्यावर ती दोघं भेटली होती. लग्नानंतर जेमतेम दोन आठवडे एकत्र राहून हा परत आला. ती एप्रिलमध्ये यायची होती. मार्चमध्ये जग बंद झालं आणि व्हिसाचं ऑफिसही.

मग फोन. रोज दुपारी, तिच्याकडे संध्याकाळ असताना. आधी तासतासभर, मग हळूहळू कमी. दोन आठवड्यांच्या संसारात बोलायला किती विषय असणार? हा तिला सेझिन वाचून दाखवायचा.

"बायकोला?" मी विचारलं.

"हौ. तिला आवडते." मग, "निदान ती फोन ठेवत नाही."

दोन हजार एकवीसच्या वसंतात त्यानं आमच्याच रांगेतलं शेवटचं घर घेतलं. सगळं घर फोनवर बघितलं, सह्या कॉम्प्युटरवर केल्या, किल्ल्या पाकिटातून आल्या. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हा तोंड पाडून आला. वैजयंतीला त्यानं फोनवरून घर फिरवून दाखवलं होतं आणि ती म्हणाली होती, छान आहे तुमचं घर.

"तुमचं म्हणाली, पुणेकर."

नागपूरहून तेव्हा चांगल्या बातम्या येत नव्हत्या. वैजयंतीची आई तिच्यापाशी. जूनमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू होणार, त्याच्या आत राजीनामा द्यायचा की नाही ते तिला ठरवायचं होतं. इतक्या वर्षांची कायमची नोकरी. ती त्याला सरळ म्हणाली होती, "सगळं सोडून येईन हो. पण तिथं माझं काय आहे?" भांडणाचा सूर नव्हता. खरंच विचारत होती. हे मला सांगताना तो आमच्या कुंपणाची एक फळी नखानं खरवडत होता. त्या दिवशी साक्षीला कोण, वगैरे काही नाही. मला त्याची फार दया आली.

मे महिन्यात परसात बाहेरच्यांना बोलवायची मुभा मिळाली. लगेचच्या शनिवारी बारापात्रे इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात. रिकाम्या हातानं.

"वहिनी, एक काम होतं. मुखत्यार व्हाल का?"

जुन्या दस्तांत, म्हणे, हे नेहमीचं असे. नवरा बायकोला जमिनीवर तहहयात हक्क द्यायचा, आणि ती स्वतः येऊ शकत नसेल तर तिच्या वतीनं मुखत्यार जाऊन माती घ्यायचा. नवऱ्यानं आपल्या हातानं द्यायची, हे महत्त्वाचं. कायद्यानं याला आज काडीची किंमत नाही, ते त्यानं आपल्या वकिलाला विचारून ठेवलं होतं. वैजयंतीचं नाव कागदावर यथावकाश चढणारच होतं. पण कागद मागून येते.

मला वाटलं रेवती आता त्याला झापणार. ती आत गेली आणि साडी नेसून आली.

त्याचं परस म्हणजे चार पावलांचं गवत आणि एक मरगळलेलं रोप. साक्षीला मी, आणि कुंपणापलीकडून शेजारची नोरा. सत्तरीच्या या बाईला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, तरी ती लिपस्टिक लावून आली होती. "इज इट अ वेडिंग?" तिनं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, साधारण तसंच. "ग्रँड," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली.

मी फोन धरला होता. पडद्यावर वैजयंती, ओट्यापाशी, मागे तिची आई. बारापात्रेनं वाकून मूठभर माती घेतली, एक खडा शोधला. मग एवढंच म्हणाला, "हे घर, हे परस, वैजयंती मुकुंद बारापात्रे, तिच्या हयातीभर तिचं." आणि रेवतीच्या ओंजळीत माती आणि खडा ठेवला.

मला वाटलं लाइन गेली. मग वैजयंतीनं विचारलं, "वहिनी, ओली आहे का हो माती?"

"ओली आहे. थंड आहे," रेवती म्हणाली.

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

रेवतीनं माती आणि खडा स्टीलच्या डब्यात घालून प्रेसमध्ये ठेवला. खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून. सकाळी दारात बारापात्रे. "वहिनी, परसात कपडे वाळत घालू का?"

"तुझं परस आहे, घाल की," मी म्हणालो.

"तुम्ही बोलू नका. ताबा वहिनींकडे आहे."

भिंतीला खिळा ठोकायचा, विचारायला आला. वरच्या मोठ्या खोलीत झोपायची परवानगी त्यानं मागितलीच नाही, खालच्या कोचावर झोपायचा. रेवती म्हणाली, "अरे, झोप तिथं. मी देते परवानगी." तर म्हणाला, "तिला येऊ द्या." राजीनामा दिला का, हे आम्ही त्याला विचारत नव्हतो आणि तो सांगत नव्हता. जून येऊन गेला. एकदा किल्ली मागायला येतात तितक्या सहज तो येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शाळा सोडली तिनं." मग बराच वेळ आमच्या पायरीवर बसून राहिला.

व्हिसा व्हायला ऑक्टोबर उजाडला. विमानतळावरून टॅक्सी आली तेव्हा आम्ही त्याच्या फाटकाबाहेर उभे होतो. वैजयंती उतरली. उंच, शांत बाई, प्रवासानं डोळे सुजलेले. बारापात्रे बॅगा घेऊन फुटपाथवरच थांबला, फाटकाच्या आत पाऊल टाकेना. तिला कळलं. रेवतीनं डबा पुढे केला. माती वाळून पिठासारखी झाली होती. वैजयंतीनं ती दोन बोटांत चोळून पाहिली, खडा मुठीत घेतला आणि डबा लावून छातीशी धरला. मग फाटकातून आत गेली आणि मागे वळली.

"या न आत. बाहेर काहून उभे राहिले?"

तो आला. तिनं पर्समध्ये हात घातला, रुमालाची गाठ सोडली. आत कुकरची शिट्टी होती. जुनी, वापरून काळपटलेली.

"कुकर बॅगेत बसला नाही," ती म्हणाली. "आईला नवी शिट्टी घेऊन दिली. तिकडचं माझं स्वयंपाकघर एवढंच आणता आलं. घ्या."

बारापात्रेनं दोन्ही हात पुढे केले. शिट्टी घेतली, मूठ मिटली आणि तसाच उभा राहिला. साक्षीला कोण, हे त्यानं विचारलं नाही. मी आणि रेवती नोराच्या कुंपणाकडे बघत राहिलो.