थवीचं लाल कूलंट

"या खेपेला माझी पिकअप डोंगर चढणार म्हणजे चढणार!" खानावळीत नूडल्सच्या वाडग्यावर चमचा आपटत थवीने जाहीर केलं.

थंडीत डोंगरमाथ्यावरून पहाटे धुक्याचा समुद्र दिसतो. तो आपल्या बायकोला, लामदुआनला, दाखवायचा हे थवीचं लग्नापासूनचं स्वप्न. पण दर थंडीत नेमकं त्याच वळणावर इंजिन उकळायचं आणि स्वप्नाची वाफ व्हायची!

मग सुरू झाला इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा खल. साधं पाणी फुकट, पण गंज चढवतं. हिरवं स्वस्त, पण सारखं बदला. लाल महाग, पण वर्षानुवर्षं टिकतं!

"थवीदादा," गॅरेजवाला चेड वैतागला, "पोरीसाठी स्थळ बघतानाही एवढा घोळ घातला नव्हतास!"

"जावयाला डोंगर चढायचा नव्हता, चेड!"

शेवटी लाल ठरलं. रेडिएटर भरून उरलेलं थवीने सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर, सरबताच्या भरल्या बाटलीशेजारी ठेवलं आणि रात्रभर स्वप्नात ढगांवरून गाडी हाकली.

पहाटे लामदुआनने अंगणातल्या खांबावरच्या इवल्याशा देवळात, घराच्या राखणदारापुढे, रोजच्यासारखा सरबताच्या बाटलीतून लाल पेला भरून, नळी खोचून ठेवला. प्रवास सुखाचा होऊ दे! थवीनेही ओट्यावरची लाल बाटली उचलून रेडिएटरला निघतानिघता शेवटचा घोट पाजला.

गाडी चढू लागली. झाडं, वाट, आकाश, सगळं दुधात विरघळलेलं. थवी गुणगुणत होता. लामदुआन त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. आणि तेच वळण आलं. फुस्स!

"अगं, हा वास कसला?"

"पाक करपल्याचा."

बॉनेटच्या फटीतून गुलाबी फेस ओघळत होता. थवी बायकोकडे वळला. "तू राखणदाराला कुठली बाटली ओतलीस?"

"ओट्यावरची. लाल."

"अगं, तू देवाला कूलंट पाजलंस!"

"आणि तुम्ही गाडीला सरबत!"

थवीने चेडला फोन लावला. "आधी पळत जा, पेला ओतून टाक! आणि राखणदाराची माझ्या वतीने माफी माग!"

मग त्याने बॉनेट उघडलं आणि वाफेत तोंड लपवलं. त्याला अगदी रडू फुटलं. "माफ कर, लामदुआन. इतकी वर्षं झाली, तुला साधं धुकं दाखवता आलं नाही मला."

"अहो, आधी ते डोकं बाहेर काढा."

त्याने मान वर केली. वळणाखालची अख्खी दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. टेकड्यांचे नुसते शेंडे वर तरंगत होते आणि त्यावर कोवळं ऊन उतरत होतं. थवीचा आ वासलेलाच राहिला.

"हे... हे कधीपासून आहे इथं?"

"मी तर दरवर्षी बघते. तुमचं डोकं बॉनेटखाली असतं ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर 'वर याहून भारी दिसतं' म्हणत नवी गाडी आणली असतीत." लामदुआनने पिकअपच्या दारावर हलकेच थोपटलं. "हिला बरोबर कळतं कुठं थांबायचं ते. म्हटलं, तुम्हाला कधी कळतंय बघू!"