पाच सेंटीमीटरचे कदमकाका

कदमकाका माणसं दोरीनं मोजत. कोटाच्या खिशात सुतळीचा गुंडा, त्याला हातहातभर अंतरावर गाठी. ग्रुप फोटो काढायचा म्हटलं की एक टोक कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधायचे, दुसरं धरून चालत जायचे आणि जमिनीवर खडूनं रेघ मारायचे. "रेघेच्या आतला फोटोत. बाहेरच्याची जिम्मेदारी माझी नाही." एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला तिरकं उभं केलं, कारण मामा समोरून दोन माणसांची जागा खात होता. मामा जेवेपर्यंत फुगून बसला. फोटो आल्यावर त्यानंच जास्तीची प्रत मागितली, कधी नव्हे तो बारीक दिसला म्हणून.

हैदराबादच्या गौलीगुड्यात आमचे स्टुडिओ समोरासमोर. सांगूनच टाकतो, मी त्यांच्यावर जळायचो. थोडंथोडकं नाही, पार आतून. त्यांच्या भिंगावर नाभीय अंतर 'पाच सेंटीमीटर' कोरलेलं, माझ्याही भिंगावर तेच. तरी एकाच शाळेच्या एकाच पायरीवर, एकाच जागेवरून दोघांनी फोटो काढले, तर त्यांच्यात सगळे मास्तर सुखरूप आणि माझ्यात दोन्ही टोकांचे मास्तर अर्धे. आमची बायको मालती सहज म्हणाली, "काकांच्या फोटोत सगळे मावतात, नाही?" त्या दिवशी मी आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ होतं.

शेवटी लाज गिळून विचारायला गेलो. म्हटलं, "काका, माझंही पाच सेंटीमीटरच आहे."

"नंबर नक्को सांगू, चौकट दाखव." हे त्यांचं पेटंट वाक्य. गिऱ्हाईक असो की पोस्टमन, सगळ्यांना हेच. मग चहा मागवून ते म्हणाले, "कारखानेवाला पाच लिहितो मियां. खरं कुणाचं पाचाला जरा कमी, कुणाचं जरा जास्त. जास्तवाल्यात माणसं कमी मावणार. त्यात तू जवळचं फोकस केलंस की भिंग पुढं सरकतं, चौकट आणखी आवळते. आणि हे सगळं करूनही माणूस कापला जात असेल, तर..."

"तर?"

"तर घरी जाऊन शोध."

हा माणूस शेवटचं गुपित खिशात ठेवून मला चहा पाजतोय, अशी माझी खात्री पटली. दोन दिवस त्यांच्या दुकानाकडे पाठ करून बसलो.

ते साल छप्पन्न, राज्यं मोडून नवी मांडण्याचं. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आम्ही होतो तिथंच, आंध्रात. ऑफिसाऑफिसात याद्या लागल्या, कोण कुठं जाणार त्याच्या. काल शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस उद्या दुसऱ्या राज्याचा. म्हणून जो तो ऑफिसचा ग्रुप फोटो काढून घेत होता.

माझा थोरला भाऊ, दादा, जमीन मोजणीच्या ऑफिसात होता. त्याचं नाव औरंगाबादच्या यादीत आलं. बाप गेल्यापासून मला त्यानंच वाढवलेलं. आमच्या घरात त्याचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की तो मागच्या मागं सटकायचा. त्याच्या ऑफिसचा फोटो कदमकाकांकडेच जायचा होता. मी त्याच्या साहेबांच्या घरी तीन खेपा घालून ते काम माझ्याकडे ओढून आणलं.

फोटो काढला. दादा लाजून अगदी उजव्या टोकाला उभा राहिलेला. प्रिंट बाहेर आली. दादाचा एक खांदा, एक कान, अर्धी मिशी. ऑफिस तोवर पांगलं होतं. दादाची गाडी परवा. प्रिंट बघून तो एवढंच म्हणाला, "चांगला आलाय." मला त्याक्षणी कदमकाकांचा इतका राग आला की काय सांगू. त्यांचा काही संबंध नव्हता, तरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतःच रस्ता ओलांडून आले. माझ्या काचेत लावलेली प्रिंट त्यांनी आपल्या दुकानातूनच पाहिली असणार. म्हणाले, "निगेटिव्ह काढ."

"कशाला? मजा बघायला?"

"काढ म्हणतो ना."

उजेडात धरली. दादा होता. अख्खा. दोन्ही खांदे, पूर्ण मिशी, हातात छत्रीसुद्धा. काकांनी फोटो मोठा करायच्या माझ्या यंत्रातली, एन्लार्जरमधली, निगेटिव्ह धरायची पत्र्याची चौकट बाहेर ओढली. तिची खिडकी निगेटिव्हहून लहान होती. वर्षभर मी टोकाची माणसं डार्करूममध्ये स्वतःच्या हातानं कापत होतो आणि शिव्या मात्र भिंगाला देत होतो.

काका कानस घेऊनच आले होते. पत्रा घासताना ते घडीघडी निगेटिव्ह उजेडात धरून बघत. मला वाटलं, माप घेतायत.

नवी प्रिंट डेव्हलपरच्या पाण्यात उमलू लागली. आधी मधले साहेब, मग उजवीकडे दादा. आणि डावीकडे, अगदी कडेला, खांबाजवळ, काळा कोट, काळी टोपी, छाती काढून ताठ उभे कदमकाका. त्या ऑफिसचे ते कुणीच नव्हते.

"हे कधी?"

"बघायला आलो होतो, खांबामागं उभा होतो. तू बटन दाबताना सरकलो आत." मग खाली बघत म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे काढतोय. माझा कुणी काढला नाही. स्वतःच्या लग्नातला फोटोही मीच काढला. त्यात ती आहे आणि बाजूला रिकामी खुर्ची. आता तीही नाही राहिली. म्हटलं, तुझ्या पाच सेंटीमीटरात मी बसतो का बघावं. काल काचेत पाहिलं, तर नव्हतो."

एवढे दिवस मी या माणसावर जळत होतो.

त्या संध्याकाळी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी मी प्रिंटा पुन्हा काढल्या. दादानं आपली ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवली. काकांना त्यांची दिली, तेव्हा त्यांनी कडेच्या स्वतःवर बोट ठेवलं.

"हे फोटो तीन राज्यांत जाणार," ते म्हणाले. "घरचे विचारतील, हा कडेचा म्हातारा कोण? लोक काय सांगतील?"

"त्यांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी विचारलं, तर आमचे काका म्हणून सांगेन."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मालतीला चहा टाकायला सांग."