दार उघडण्याचा मान

मोटारीचं दार उतरण्यासाठी असतं, हा समज ज्या मुलखात अजून टिकून आहे तो मुलूख मागास समजावा. आमच्या धुळे-जळगावकडे हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. इथं दार मान देण्यासाठी असतं. व्याही मुलीच्या घरी येतो तेव्हा त्यानं आपल्या गाडीचं दार आपल्या हातानं उघडायचं नसतं. मुलीकडच्या माणसानं पुढं होऊन ते बाहेरून उघडायचं असतं. व्याही आत एसी लावून बसून राहतो आणि बाहेर कोण धावत येतं यावरून घराण्याची लायकी ठरते. (मागे पिंपळनेरकडच्या एका लग्नात दार उघडायला कोणीच आलं नाही, तेव्हा वरपित्यानं गाडीतच जेवण केलं. ताट खिडकीतून दिलं. काच कोणी खाली केली यावर अजून दोन तट आहेत.)

कायद्याला यातलं काही कळत नाही. कायदा आपला कोरडेपणानं म्हणतो की रस्त्यावरच्या माणसाला इजा होईल अशा रीतीनं गाडीचं दार उघडू नये. व्याह्याचं दार कोणतं आणि सोम्यागोम्याचं कोणतं, असा भेद त्यात केलेलाच नाही. मसुदा लिहिणाऱ्यांना मुली नसाव्यात.

या त्रुटीपायी देवपुरातल्या झुलालभाऊ टेलरचं उजवं मनगट मोडलं.

झुलालभाऊ ब्लाउज शिवतात, आणि चांगले शिवतात. शेजारच्या गल्लीतले बियाण्यांचे दुकानदार भटू आबा यांच्या वृषालीचं पहिलं झबलं त्यांनीच शिवलं होतं, आणि त्या दिवशी तिच्या साखरपुड्याचा ब्लाउज त्यांच्या सायकलीच्या हँडलला पिशवीत लटकत होता. ते रस्त्याच्या डाव्या बाजूनं, बेतानं येत होते. पुढं आबांच्या दारात व्याही छगन नाना यांची नवी पांढरी गाडी जळगावहून येऊन उभी राहिली. नाना ड्रायव्हरच्या मागे बसलेले, म्हणजे रस्त्याकडचं दार त्यांचं. दार उघडण्याच्या मानासाठी आबांच्या घरात आठवडाभर रुसवेफुगवे चालले होते. आबांचे थोरले भाऊ म्हणत होते वडीलकीचा मान माझा, मेहुणे म्हणत होते मामाचा मान माझा, आणि आत्याच्या यजमानांनी तर दार मिळणार नसेल तर हळदीलाही येणार नाही असं कळवलं होतं. आणखी दोघे नातेवाईक न विचारताच रांगेत होते. भांडण मिटलं नाही. त्यामुळं गाडी थांबली तेव्हा एका कडीवर पाच हात पडले.

पाच माणसांच्या आदरानं उघडलेलं दार कसं उघडतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. झुलालभाऊ त्या दारावर आदळले आणि पलीकडं जाऊन पडले.

गर्दी लगेच जमली. आपल्याकडची माणुसकी अजून जिवंत आहे. गर्दीनं प्रथम दाराकडं पाहिलं (पोचा आला होता), मग छगन नानांच्या तोंडाकडं पाहिलं (आठी आली होती), मग पिशवीतला ब्लाउज काढून पाहिला (सुदैवानं डाग नव्हता), आणि त्यानंतर, उगाच कोणी नावं ठेवू नयेत म्हणून, झुलालभाऊंकडं पाहिलं. "लागनं का भाऊ?" एकानं विचारलं. मनगट भलतीकडं वळलेलं दिसत होतं, पण विचारण्याची पद्धत असते.

साखरपुडा पार पडला. झुलालभाऊंच्या हाताला प्लास्टर बसलं. ऐन लग्नसराईत मशीन बंद, दुकानाला कुलूप, आणि डॉक्टर म्हणाले की हात पूर्वीसारखा वळेल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. शिंप्याचा उजवा हात म्हणजे त्याचं सगळं घर. पण खरं सांगायचं तर झुलालभाऊंना हाताइतकंच दुसरं एक दुखत होतं. पाच माणसांनी दार उघडलं होतं. पाचातल्या एकानं तरी घरी येऊन "चुकी गयं, भो" एवढं म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती. बाकी त्यांना काही नको होतं.

भेटायला सगळे आले. थोरले भाऊ आले, केळी ठेवली, म्हणाले की हल्ली रस्ते फार अरुंद. मेहुणे आले, केळी ठेवली, म्हणाले की शनिवार होता. आत्याचे यजमान आले, त्यांनी आधीच्यांची केळी खाल्ली आणि या वयात सायकल सोडून द्यावी असा मनापासून सल्ला दिला. चुकलं असं कोणीच म्हणालं नाही. झुलालभाऊंच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, येऊन गेलेल्या सगळ्यांच्या उरलेल्या केळ्यांकडं पाहून एकदा कपाळावर हात मारला. "बठ्ठा वनात नि गयात. चुकी गयं, इतलंच म्हनाले काय यास्नं तोंड दुखस?"

दवाखान्यातून चौकीला रीतसर कळवलं गेलं होतं, म्हणून हवालदार जितेंद्र आला. त्यानं एकच प्रश्न विचारला: दार कोणी उघडलं? आठवडाभर ज्या मानासाठी पाच घरं एकमेकांशी बोलत नव्हती, तो मान त्या क्षणी कोणालाच नको झाला. थोरल्यांचा हात नुसता हवेत होता. मेहुणे नमस्कार करत होते. आत्याच्या यजमानांना तर त्या दिवशी दाराचा राग असल्यामुळं हात उचलवतच नव्हता. उरलेल्या दोघांना तिथं कोणी बोलावलंच नव्हतं. साखरपुड्याचा व्हिडिओ तपासला, तर दार उघडतानाच्या क्षणी त्यात फक्त छगन नानांचा चेहरा होता. फोटोग्राफरला तशी सूचनाच होती. सबब, मुलीकडच्या कोणीही दार उघडलं नाही असा जबाब झाला.

म्हणजे दार छगन नानांनी आपल्याच हातानं उघडलं, असा अर्थ जळगावला लागला मात्र, नानांचा फोन आला.

"म्हंजे मी मना हातघाई दार उघाडं?" नाना इतके ओरडले की आबांनी फोन कानापासून लांब धरला. "व्याहीनं सोताना हातघाई? जळगावना लोके काय म्हनतीन माले? राहू द्या तुम्हनं लगीन!"

आबांनी फोन ठेवला. दार आपण उघडलं म्हणावं तर गुन्हा, नाही म्हणावं तर लग्न मोडतं. घरात वृषाली रडायला लागली.

अशा वेळी घरात एक वकील असावा. आबांचे धाकटे भाऊ नवल हे वकील आहेत, आणि त्यांनी शांतपणे विचार केला. दार उघडणारा माणूस मुलीकडचाच हवा, म्हणजे नानांचा मान राहतो. तो गुन्हा कबूल करणारा हवा, म्हणजे तपास संपतो. आणि जखमीनं ज्याच्याविरुद्ध तक्रार करूच नये असाही तो हवा. नवल वकिलांनी सगळ्या नातेवाइकांची नावं या तीन अटींवर घासून पाहिली. तिसऱ्या अटीत जो तो नापास होत होता. झुलाल ज्याच्याविरुद्ध कधीच तक्रार करणार नाही असा माणूस धुळ्यात एकच निघाला. तो म्हणजे झुलाल.

"सायकलवर बसलेल्या माणसानं गाडीचं दार उघडलं?" हवालदारानं विचारलं.

"मान द्यायच्या ओढीनं," वकील म्हणाले. "मुलीला लहानपणापासून कपडे शिवतो. घरचाच झाला. राहवलं नाही."

"मग दार आपल्याच अंगावर?"

"ओढीत ब्रेक लावायचं राहून गेलं."

त्या चौकीत याहून कच्ची कारणं लिहून घेतली गेली होती. हवालदारानं हेही लिहून घेतलं.

झुलालभाऊंना राजी करायला कोणाला पाठवायचं यावर घरात खल झाला, आणि त्यात वृषाली स्वतःच उठून गेली. ती त्यांच्या खाटेशी बसली. प्लास्टरकडं पाहून तिनं तोंड उघडलं, आणि ते एक वाक्य आता येणार असं झुलालभाऊंना वाटलं. पण बरोबर आलेल्या आत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. लग्न ठरलेल्या मुलीनं माफीबिफी मागू नये, अपशकुन होतो.

"काका, तुम्ही नाही म्हणा," वृषाली आत्याचा हात बाजूला करून म्हणाली. "मोडलं लग्न तर मोडलं."

असं म्हटल्यावर कोणता माणूस नाही म्हणेल? झुलालभाऊंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मी म्हनस हो," ते म्हणाले, "फक्त कोनी तरी एक डाव चुकी गयं म्हना." वकिलांनी मान हलवली. ते म्हणाले की कायद्याच्या दृष्टीनं त्यात अडचण आहे. दार झुलालनं उघडलं, तर चूक झुलालची. तिच्याबद्दल दुसऱ्यानं दिलगिरी व्यक्त केली तर जबाब फुटतो.

पुढच्या रविवारी आबांच्या अंगणात कार्यक्रम झाला. वरपित्याचं दार उघडल्याबद्दल झुलालभाऊंना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. टोपी घालताना त्यांना डावाच हात होता, तेव्हा ती जरा वाकडी बसली. मग नवल वकिलांनी कानात सांगितल्याप्रमाणे ते छगन नानांसमोर उभे राहिले, गाडीला आलेल्या पोच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चुकी गयं, भो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मोठ्या मनानं माफ केलं. पार्वताबाई तिथं थांबल्या नाहीत. टॉवेल अंगणातच टाकून त्या घरी निघून गेल्या, आणि बायकांना समारंभाची रीत कळत नाही असं सर्वांचं मत पडलं.

एक किरकोळ गोष्ट तेवढी राहिलीय. हवालदार जितेंद्रला अजून चैन पडत नाही. माणूस नवा आहे, शिकेल. त्याला एक साक्षीदार हवाय, जो मुलीकडचाही नाही आणि मुलाकडचाही नाही, ज्यानं कडीवरचे पाच हात डोळ्यांनी पाहिलेत आणि सायकल डाव्या बाजूनंच होती हे ज्याला ठाऊक आहे. गल्लीत तो घरोघर फिरला. गल्लीतलं कोणी त्यात बसत नाही. त्यात बसता फक्त तुम्ही. इथवर सगळं तुमच्यादेखत झालं आणि तुमचं यात कोणाशी नातं लागत नाही. तो कागद घेऊन तुमच्याचकडं येतोय.

काळजी करू नका, तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. तुमचा जबाब त्यानं वाटेतच लिहून ठेवलाय: "मी आत्ताच आलो, साहेब."