महिला गटाची घोडदौड

गुलाबराव ढोक्यांना या शर्यतीतून काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. सेक्टर 2 मधलं कोपऱ्यावरचं, तळमजल्याचं क्वार्टर. आवारात पेरूची तीन झाडं. भर उन्हाळ्यातही न रुसणारा नळ. आणि सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंचं मौन. वरच्या मजल्यावर बादल्या चढवताना त्या जे बोलत, ते कित्येक वर्षांपासून अख्खा ब्लॉक ऐकत आला होता.

जाणार काय होतं? काहीच नाही. गुलाबराव पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क होते, आणि आपलं काही जात नाही असाच व्यवहार करायचा, हे त्यांचं व्रत होतं.

त्यांच्याच ब्लॉकमधलं ते क्वार्टर नुकतंच रिकामं झालं होतं. तिथले श्यामराव वैशाली नगरात स्वतःचं घर बांधून गेले, आणि जाता जाता लेक सासरी सोडल्यासारखे तीनदा मागे वळून पेरूंकडे बघून गेले. गुलाबरावांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. अर्ज कसला, जाहिरातच ती. मोकळं आवार, दिवसभर सावली, बारमाही पाणी, आजूबाजूला शांतता, जिना चढायचा त्रास नाही. स्वतःबद्दल एकच ओळ होती, तीही कागद संपत आल्यावर.

अर्जावर सही करणार होते टाउनशिपचे नवे मोठे साहेब, विजयकुमार. साहेब कलकत्त्याहून बदलून आले होते, पण जीव तिकडच्या रेसकोर्सवर ठेवून आले होते. संध्याकाळी क्लबात बसून उसासे टाकत. दर हिवाळ्यात तिथे हिरव्या गवतावर एक खास शर्यत व्हायची. फक्त माद्यांची. तरुण शिंगऱ्या आणि थोराड घोड्या, सगळ्या अस्सल रक्ताच्या, आजी-पणजीपर्यंतची नावं छापील. नराला प्रवेश नाही. आणि इथे बघावं तिकडे लोखंड!

गुलाबराव अर्जाची फाइल घेऊन मागे उभेच होते. ते म्हणाले, "साहब, अपने यहाँ भी हो सकता है।"

साहेबांनी विचारलं, घोड्यांतलं काही कळतं का? गुलाबरावांच्या वडिलांची बैलजोडी वर्ध्याकडच्या शंकरपटात पळायची. बैल आणि घोडी यांच्यात शिंगांपलीकडे फारसा फरक नसावा, असं धरून त्यांनी मान हलवली.

"रेस अच्छी हुई," साहेब म्हणाले, "तो सोमवार को वो फाइल ले आइए।"

झालं. गुलाबराव घरी आले ते तळमजल्याच्या पायरीवर क्षणभर थांबून, हक्काने थांबल्यासारखे.

घोड्यांचा प्रश्न दुर्ग स्टेशन आणि सुपेल्याच्या टांगेवाल्यांनी सोडवला. सहा नावं आली. त्यांत सुपेल्याच्या चंपतची मैना होती, वयाने पिकलेली आणि डाव्या डोळ्याने पार आंधळी. बाकीचे टांगेवाले हसले. चंपतने विडी बाजूला केली नि सांगितलं, "एका डोयानं रस्ता दिसते. दुसऱ्यानं लोकायची थोबाडं पाहा लागत नाही."

पण साहेबांना अस्सल रक्ताची एक तरी पाहिजे होती. ते रक्त गुलाबरावांच्या साळ्याने शोधलं. मारोतराव दुर्ग लाइनीवर मालगाडीचे गार्ड. गाडी सायडिंगला तासन्तास उभी राहायची, त्यामुळे त्यांना गावोगावची बारीकसारीक माहिती असे. दुर्गच्या पंजाबराव बँडवाल्याकडे एक पांढरी घोडी होती. तिचं नाव पर्ल क्वीन. मुंबईच्या मैदानावर पळालेली, कागद लोखंडी पेटीत. मैदानातून निवृत्त झाल्यावर ती हात बदलत बदलत पंजाबरावांकडे आली आणि नवरदेव वाहू लागली. पंजाबरावांच्या जिभेला पर्ल क्वीन जड जायचं, म्हणून ती पारूबाई झाली.

"लग्नातली घोडी आहे जी ते," सत्यभामाबाईंनी भावाला टोकलं.

"ताई, रक्त थोडंच लग्नाले जाते?" मारोतराव म्हणाले.

हा मुद्दा गुलाबरावांना पटला. शिवाय घोडी घेतली तर पंजाबराव बँडही सोबत आणायला तयार होते, आणि शर्यतीला बँड हवा, असा साहेबांचा हुकूमच होता. एका जागी दोन कामं! गुलाबराव इतके खूश झाले की त्यांनी तिसरं कामही तिथेच उरकलं. शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी होती, आणि महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना हळदीकुंकवासाठी मंडप लागतच होता. मग दोन मंडप कशाला? पाहुण्यांचाही तोच, हळदीकुंकवाचाही तोच. नाहीतरी शर्यत माद्यांचीच होती. क्लबाच्या फळ्यावर गुलाबरावांनी स्वतःच्या हाताने 'महिला गट' असं लिहिलंच होतं. मंडपाला त्यांनी झेंडूच्या माळा लावल्या आणि दारात केळीचे खांब रोवले, कारण तेवढं केलं की साहेबांच्या मेमसाहेबांना बरं वाटतं, असा त्यांचा अंदाज होता.

राहता राहिला स्वार. स्वार हलका हवा, असं साहेब सांगत होते आणि सांगता सांगता त्यांची नजर गुलाबरावांवर थांबली. गुलाबरावांचा देह असा की ऑफिसात पंखा जोरात लावला की सहकारी त्यांच्या फाइलीवर नाही, त्यांच्यावर पेपरवेट ठेवायची गंमत करत. साहेबांनी कलकत्त्याहून आणलेला लाल रेशमी सदरा काढून दिला. गुलाबरावांनी पेरूंची तीन झाडं डोळ्यांपुढे आणली आणि सदरा घेतला.

सरावाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. पहाटेच्या धुक्यात, ओल्या गवतावर, पारूबाई अशी सुटली की गुलाबरावांची माकडटोपी सुरुवातीच्या रेषेवर राहिली आणि गुलाबराव टोपीशिवाय शेवटच्या रेषेवर पोचले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबरावांच्याही आलं, पण ते बसल्या जागेमुळे.

रविवार उजाडला. मैदानाभोवती अर्धी टाउनशिप उभी. मंडपात पुढे सोफ्यावर साहेब, मागे पैठण्या आणि इरकली नेसलेल्या बायका, त्यांच्या पुढ्यात हळदीकुंकवाची ताटं, तिळगुळाचे डबे, अत्तरदाणी. सहा टांगेवाले आपापल्या घोडीच्या उघड्या पाठीवर, सातवे गुलाबराव खोगिरावर, लाल रेशमात. एक फेरी मारायची, आणि मंडपाच्या थोडं पुढे मारलेली चुन्याची रेषा ओलांडायची. संपलं.

झेंडी पडली. सहा घोड्या धुरळा उडवत निघाल्या, पारूबाई त्यांच्या पुढे निघाली, आणि पंजाबरावांनी ठरल्याप्रमाणे बँड सुरू केला.

पारूबाईने कान टवकारले. मग ती थांबली. मग तिने मान डौलदार वळवली, एक पाऊल उचललं, ते हवेत जरा धरलं, अलगद ठेवलं, आणि दुसरं उचललं. गुलाबरावांनी टाच मारली. पारूबाईने ती नवरदेवाची घाई समजून सोडून दिली. असे उतावळे तिने पुष्कळ पाहिले होते. ती गर्रकन वळली आणि बँडच्या ठेक्यावर, गिरकी घेत, मंडपाकडे निघाली.

तिचं काय चुकलं? बँड तोच, ओळखीचा. समोर केळीचे खांब, झेंडूच्या माळा, रेशमी लुगड्यांतल्या बायका, हातात ताटं. पाठीवर लाल कपड्यातला, घामाघूम, घाबरलेला माणूस. अख्खं लग्न गुलाबरावांनी स्वतः, काटकसरीने, एकेक करून जमवलं होतं. नवरदेव तेवढा कमी होता, तोही त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

मंडपाच्या दारात पारूबाई उभी राहिली आणि हलेना. पंजाबरावांनी धावत येऊन खुलासा केला की चण्याची भिजवलेली डाळ मिळाल्याशिवाय ती दारातून हलत नसते, तिची तशी सवय आहे. शेजारच्या राधाबाईंना एवढं निमित्त पुरलं. त्यांनी ताट उचललं, घोडीला कुंकू लावलं, मग वर बघून गुलाबरावांनाही लावलं आणि दोघांना ओवाळलं. मागे बायकांचा हशा मावेना.

सत्यभामाबाई ताट घेऊन शांतपणे पुढे आल्या.

"दुसरं लगन करून राहिले, तं मले आधी सांगाचं व्हतं जी," त्या म्हणाल्या. "दोन ताटं जास्त मांडली असती."

"अवो, घोडीले तिळगूळ दे," गुलाबराव वरून कळवळले. "मंग बोल."

तिळगूळ पारूबाईने हुंगला आणि नाकारला.

तोवर बाकीच्या सहा जणी फेरी पूर्ण करून मंडपापाशी येत होत्या. मंडप डाव्या हाताला, रेषा पुढ्यात. आपली लाडकी पर्ल क्वीन दारात नाचताना बघून साहेबांचा धीर सुटला. ते सोफ्यावरून उठले, मैदानाच्या कडेला आले, आणि गुलाबरावांना ओरडण्यासाठी त्यांनी हातातली छडी उंच धरली.

रस्त्याच्या कडेला उभा असलेला जाडा माणूस हात वर करतो, तेव्हा काय करायचं, हे टांग्याच्या घोडीला शिकवावं लागत नाही. पुढच्या पाचही घोड्या रेषेच्या अलीकडे जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांतल्या पहिल्या घोडीवरच्या टांगेवाल्याच्या तोंडून, शर्यत विसरून, सवयीने निघून गेलं, "कहाँ जाना है साहब, दुर्ग टेसन?"

सहावी मैना. ती सगळ्यांच्या मागून, दमत दमत येत होती. साहेब डाव्या बाजूला होते आणि मैनेचा डावा डोळा नव्हता. तिला ना साहेब दिसले, ना हात. ती पाचजणींच्या बाजूने निघून रेषा ओलांडून गेली. चंपतने तिथूनच विडी पेटवली.

गुलाबरावांनी त्या रात्री अर्ज फाडायला काढला होता. पण सोमवारी सकाळीच साहेबांचं बोलावणं आलं, आणि साहेब रागावलेले नव्हते. उलट गहिवरलेले होते. एवढ्या खानदानी घोडीला लोकांनी वरातीला लावलं, याचं दुःख त्यांना झोपू देईना. त्यांनी पंजाबरावांकडून ती पहाटेच विकत घेतली होती. शर्यत आता दरवर्षी होणार, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला बँड विसरायला लावायचं, असं ठरलं होतं. तिला ठेवायचं कुठे, एवढाच पेच होता, आणि तोही सुटला होता. साहेबांनी गुलाबरावांच्या हातातली फाइल घेतली आणि त्यांचाच अर्ज वाचून दाखवला. मोकळं आवार. दिवसभर सावली. बारमाही पाणी. आजूबाजूला शांतता.

"और सीढ़ी भी नहीं चढ़नी," साहेब म्हणाले. "आपने सब सोच रखा था, गुलाबराव।"

तेव्हा आता हिशेब असा. साहेबांना शर्यत मिळाली. चंपतला कप मिळाला; तो त्याने टांग्याच्या कंदिलाशेजारी बांधला आहे आणि मैनेच्या डोळ्याबद्दल आता कोणी बोलत नाही. पारूबाईला सेक्टर 2 मधलं कोपऱ्यावरचं क्वार्टर मिळालं, तीन पेरूंसकट. सत्यभामाबाईंना बोलायला विषय मिळाला, तो बादल्यांपेक्षा बरा टिकतो आहे. गुलाबरावांनाही क्वार्टरची चावी मिळालीच, घोडी सांभाळायला. रोज पहाटे, प्लांटचा भोंगा व्हायच्या आधी, ते वरच्या मजल्यावरून उतरून ते दार उघडतात. साहेबांच्या आदेशात चाऱ्याची सोय लिहिली आहे, पाण्याची लिहिली आहे. भिजवलेल्या डाळीची नाही. आणि डाळ मिळाल्याशिवाय पारूबाई दारातून हलत नाही.