रिकाम्या घागरीची बखर

श्रीशारदा प्रसन्न. आधी अक्षरांस दंडवत, मग अक्षरे वाचणारांस, आणि न वाचता मान डोलावणारांस लांबूनच रामराम. शके सोळाशे बाहत्तर, प्रमोदनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवशी दरबारी जे घडले ते डोळां पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारची राज्ये म्हणतील, हे काही आमचे नव्हे, आणि निर्धास्त होतील. तैसे होऊ नये.

तर त्या राज्यी एक जुने नाटक होते, नाव दुर्गपताका, अंक पाच, कर्त्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. मूळ पोथी सबंध राज्यात एकच, ती दप्तरखान्यात लाल रुमालात बांधोन ठेविली होती, आणि दरसाल दसऱ्यास तिची पूजा होत असे. आत मोरपीस घातले होते, त्या जागी पोथी उघडावी, हळद-कुंकू वाहावे, पंचामृताचा थेंब सोडावा, निरांजन ओवाळावे आणि मिटोन पुन्हा रुमाल बांधावा, ऐसा प्रघात. उघडलेली पोथी वाचावी, हा प्रघात मात्र नव्हता. वाचावयास त्रिविक्रमशास्त्री आशयकर यांची मार्गदर्शिका होतीच. हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या नाटकांचे आशय काढणारे. पणजोबांनी जो आशय काढिला तोच आजोबांनी काढिला, तोच वडिलांनी, आणि तोच त्रिविक्रमशास्त्री यांनी, फक्त हस्ताक्षर अधिक सुरेख. ज्या कोणास गावी शाळा चालवावयाची, त्याने शास्त्रीबोवांपुढे परीक्षा द्यावी, आणि परीक्षेस प्रश्न एकच असे: केतकी दासीचे स्वभावचित्र रेखाटा व नाटकाचा आशय सांगा. उत्तरही एकच असे, तीन दोष, दोन दाखले, एक बोध. म्हणजे ऐसे, की राजा धीरसेनाच्या गडास शत्रूचा वेढा पडला, आणि केतकी दासीने सोन्याची माळ घेऊन शत्रूस दरवाजा उघडोन दिला, यास्तव ती लोभी, कपटी आणि कृतघ्न. दाखला पहिला, तिसऱ्या अंकी ती म्हणते, "घागर रिकामी आहे." ही रिकामी घागर म्हणजे तिच्या रित्या हृदयाचे प्रतीक. दाखला दुसरा, पाचव्या अंकी माळ तिच्या पदरात सापडते. बोध, स्वामिनिष्ठा. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, "चौथा अंक परीक्षेस येत नाही." हे पाठ म्हणोन किती जण पंतोजी जाहले याची गणती नाही. मीही त्यांतलाच, फरक इतुकाच की मज शाळा न मिळता दप्तरखाना मिळाला.

राज्याच्या पूर्वेस डोंगरपायथ्याशी एक गाव, तेथे मथुबाई रांजणे म्हणोन एक बाई होत्या. वय चाळिसाचे, वडिलांपाशी लिहिणे-वाचणे शिकलेल्या, आणि विहीर गावापासोन अर्धा कोस म्हणोन जन्मभर डोईवर दोन घागरी वाहोन मान अशी ताठ, की दरबारी मुजरा करितानाही पुरती वाकेना. त्या गावची शाळा पंतोजी वारल्यापासोन चार वर्षे बंद होती, आणि शाळेत शेळ्या बसत. बाईंनी ठरविले की शाळा आपण उघडावी. मग त्यांनी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळां शून्य पडले. दोन्ही वेळां उत्तर तेच लिहिले होते: घागर रिकामी म्हणजे गडावर पाणी नाही, जिच्या घरी पाणी नाही ती सोने घेऊन काय करील, सबब माळ तिने घेतली नसावी, कोणी तिच्या पदरात टाकिली असावी, बाकी चौथा अंक वाचल्यावाचोन सांगता येत नाही. शास्त्रीबोवांनी समासात शेरा मारिला, "प्रतीक कळले नाही." आता राज्याचा कायदा ऐसा की तीन वेळां शून्य पडल्यास नाव कायमचे खोडावे. तिसरी वेळ कार्तिकात आली, आणि ती दरबारी, तोंडी, मातुःश्री राणीसाहेबांसमक्ष व्हावयाची होती.

निघते दिवशी बाईंच्या सासू बयाजाबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मथू, अगं तीन दोष म्हणायचे नि मोकळं व्हायचं. एकदा शाळा हातात आली की मग पोरांना काय शिकवायचं ते शिकव. ती केतकी तुझी कोण लागते?"

बाई म्हणाल्या, "कोणी लागत नाही, आत्याबाई, म्हणूनच. नात्यातली असती तर मी तिची बाजू घेतली असं लोक म्हणाले असते."

"आणि शाळेत शेळ्याच बसल्या तर?"

"बसू देत. उद्या एखाद्या पोरीनं विचारलं, बाई, घागर रिकामी का होती, तर मी तिला हृदयाचं सांगू? ती रोज माझ्यासंगं पाण्याला येते. हसेल मला."

यावर बयाजाबाई उठल्या, वाट दिली, आणि दोन भाकरी नि चटणी बांधोन दिली. सुनेचे म्हणणे त्यांस पटले की नाही हे कळले नाही, परंतु भाकरीस तूप लाविले होते.

मग पंचमीस दरबार भरला. राणीसाहेब गादीवर बसल्या, शास्त्रीबोवा शालजोडी सावरून उभे राहिले आणि त्यांनी प्रश्न विचारिला. बाईंनी आपले तेच उत्तर सांगितले, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. दरबारात हशा पिकला, आणि मीही हसलो, ते लपवीत नाही. शास्त्रीबोवा म्हणाले, "तिसरे शून्य. नाव खोडावे." तों बाई म्हणाल्या, "खोडा. पण आधी पोथी उघडून दाखवा. माझं चुकलं असेल तर कुठं चुकलं ते बघूनच मी गावी जाईन." शास्त्रीबोवा म्हणाले, "चौथा अंक परीक्षेस येत नाही." राणीसाहेबांनी विचारिले, "का येत नाही?" शास्त्रीबोवा घोटाळले आणि म्हणाले, "मातुःश्री, मी वडिलांस विचारले होते. त्यांनीही त्यांच्या वडिलांस विचारले होते." "मग?" "येत नाही, ऐसे उत्तर मिळाले." राणीसाहेबांस हे रुचले नाही. पोथी आणविण्याची आज्ञा जाहली.

पोथी मीच आणिली. रुमाल सोडिला, मोरपिसाच्या जागी उघडावयास गेलो, तों दिसले की पूजेस उघडत होते ते एक पान सोडोन त्यामागील काही पाने एकास एक चिकटोन गुळाच्या ढेपेसारखी जाहली आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचे पंचामृत तेथे मुरले होते. चौथा अंक तो तोच. परीक्षेस येत नव्हता, कारण उघडत नव्हता. आणि येथे खरे लिहितो, शेवटली बावीस वर्षे तो मधाचा आणि साखरेचा थेंब सोडणारा हात माझाच. भक्तीने सोडीत होतो. त्या दिवशी मान वर करवेना.

शास्त्रीबोवा म्हणाले, "पाने फाटतील. राज्याचे दैवत आहे. हात लावू नये." बाई म्हणाल्या, "फाटणार नाहीत. कढत पाण्याची घागर द्या." आणि मग दरबारी, भर दुपारी, सरदार-मानकरी तिष्ठत असता, त्या पोथी घागरीच्या तोंडाशी धरून बसल्या. वाफ लागावी, पान सैलावे, मग मोरपिसाच्या देठाने कड उचलावी, फुंकर घालावी, पुन्हा वाफ द्यावी, ऐसे चालिले. एक प्रहर लोटला. हात भाजोन लाल जाहले, मानकरी जांभया देऊ लागले, कोणी म्हणाले आता पुरे, परंतु बाईंनी पुन्हा फुंकर घातली. शेवटी पान सुटले. अक्षर इतुके फिके की नाकाशी धरिल्यावाचोन दिसेना, यास्तव वाचणार त्याच, आणि त्या वाचतील तेच दरबारास कळावयाचे.

बाई वाचू लागल्या. चौथ्या अंकी केतकी दरवाजापाशी उभी राहोन बोलते: "राजा तीन दिवसांमागे चोरवाटेने गेला. जाताना म्हणाला, दार लावून घ्या. टाक्यात चिखल उरला आहे, आणि आत सातशे माणसे आहेत." दरबारात कुजबूज उठली. शास्त्रीबोवांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पुढली ओळ पाहिली आणि त्या थांबल्या. मी जवळ उभा होतो. त्यांचे बोट त्या ओळीवर टेकले. ती ओळ सोडोन दिली असती तर मोरपिसासही कळते ना. मग त्यांनी मोठ्याने वाचिले: "माळ दिली, ती मी घेतली. सोने कोणास नको? पण माळ न देते, तरी दार उघडलेच असते."

राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे माळ घेतली ती खरीच?"

"खरीच, मातुःश्री. मी म्हणत होते घेतली नसावी. तेवढं माझं चुकलं. गरिबाला सोनं नको असतं असं मीच धरून चालले. तेवढे गुण कापा."

राणीसाहेब शास्त्रीबोवांकडे वळल्या. "आणि शास्त्रीबोवा, तुमचे किती चुकले?"

आम्हांस वाटले, आता शास्त्रीबोवा चार ग्रंथांची नावे घेतील. परंतु ते पोथीपाशी आले, खाली बसले, आणि तो फिका कागद नाकाशी धरून पहिल्यापासोन सारे वाचोन काढिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मी सात वर्षांचा असता वडिलांस विचारले होते, घागर रिकामी का. तेव्हा थोबाडीत बसली आणि प्रतीक कळले." ऐसे म्हणोन त्यांनी स्वहस्ते शून्य खोडिले आणि दहांपैकी सहा मांडिले. उत्तीर्ण होण्यास पाच लागत.

"चार कशाचे कापले?" बाईंनी विचारिले.

"माळेचे."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांची मान वाकली. शास्त्रीबोवांनीही हात जोडिले. मज रडू आले. दप्तरदारास रडू येणे शोभत नाही, तरी आले.

पुढले साली नवी मार्गदर्शिका निघाली, ती शास्त्रीबोवांच्या पुतण्याने केली. तींत केतकीचे दोन गुण, एक दोष, पाण्याची घागर हे प्रजाप्रेमाचे प्रतीक, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, "पाचवा अंक परीक्षेस येत नाही." लोक लगेच पाठ करू लागले. बाईंस हे कळविले, तेव्हा त्या इतुकेच म्हणाल्या, "मग पाचव्याची नक्कल आधी करा." त्यांनी हट्ट धरून सबंध पोथीची नक्कल माझ्याकडोन करविली आणि शाळेस नेली. शेळ्या गेल्या. दाराशी भरलेली घागर असते, आधी पाणी प्यावे मग वाचावे, आणि पोथीस कुंकू लावणाऱ्यास अंगठे धरून उभे राहावे लागते. मी एकदा गेलो होतो. एक पोर उठोन विचारीत होती, "बाई, केतकी चांगली की वाईट?" बाई म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी तिथं सहाच मिळवले. तू वाच, आणि मला सांग."

येणेप्रमाणे एका घागरीची हकीकत. राजे पळाले, गड पडले, आशय बदलले. बाई हटल्या नाहीत आणि पान सुटले. यंदा दसऱ्यास रुमाल सोडिला, पंचामृताची वाटी हाती घेतली आणि खाली ठेविली. नक्कल करिताना अक्षरे उतरविली होती, वाचिली नव्हती; आता इतुक्या वर्षांत प्रथमच पोथी वाचू लागलो. नैवेद्य निवला, ब्राह्मण ताटकळले, आरती राहिली. पाचवा अंक अजोन वाचतोच आहे.