मेखा घरीच आहेत

तंबू उभारण्याची रंगीत तालीम पार्कात न करता घरच्या हॉलमध्येच करायची असं श्रीनिवास मोघ्यांनी ठरवलं, तेव्हा त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. सिंगापुरात पार्कात तंबू ठोकायचा तर परमिट काढावं लागतं. तांजोंग पगारच्या एका जहाज कंपनीत आठवडाभर दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या माणसाला रविवारी स्वतःचा कागद भरण्याची हौस नसते. शिवाय पुंगोलच्या त्यांच्या नव्या फ्लॅटचा हॉल चांगला ऐसपैस होता. (ऐसपैस म्हणजे सोफा भिंतीला चिकटवून, टीपॉय बेडरूममध्ये नेऊन आणि खुर्च्या जेवणाच्या टेबलावर उलट्या ठेवून.)

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीपलीकडे तेव्हा मोकळं आकाश दिसायचं, मोघ्यांची अनुया सहावीत होती, आणि श्रीनिवासरावांच्या डोक्यावर, आज कोणी विश्वास ठेवणार नाही, पण भांग पडेल इतके केस होते.

फ्रान्सला जायचं कारण शुभदाबाई. लग्नाआधी त्या सांगलीला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. पुस्तकात रोमन लोकांचा एक धडा होता आणि त्यात दक्षिण फ्रान्समधल्या एका पुलाचं चित्र. एकावर एक तीन मजली कमानी, खालून नदी, आणि अगदी वरच्या मजल्यावरून गावाला पाणी नेणारा पाट. पण चित्र अंगठ्याएवढं आणि छपाई अशी की नंदा नावाची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, हा पूल आहे की कंगवा?"

वर्ग हसला. नंदाने मात्र खरंच विचारलं होतं. "तुम्ही बघितलाय का बाई? पाणी वरून कसं जायचं?"

"नाही बघितला," बाई म्हणाल्या. "बघितला की सांगीन."

मग लग्न झालं, सिंगापूर झालं, अनुया झाली. नंदा कुठे गेली कोण जाणे. पण शुभदाबाईंच्या मनात ते "सांगीन" तसंच उभं राहिलं होतं. पुलाचं नाव पाँ द्यु गार. मोघ्यांच्या घरात त्याला नुसतं "पूल" म्हणत, जणू जगात दुसरा नाहीच.

तंबूची कल्पना ऑफिसातल्या अभयची. "फ्रान्स बघायचा तर तंबूतून," असं तो म्हणाला. (स्वतः अभय हॉटेलात उतरला होता, हे नंतर कळलं.)

तर तालीम. हॉलमध्ये फरशी. फरशीत लोखंडी मेख कशी ठोकणार? श्रीनिवासरावांनी तंबूचे दोर सोफ्याच्या पायाला, फ्रिजच्या हँडलला, टीव्हीच्या कपाटाला आणि बेडरूमच्या दाराला बांधले. तंबू असा ताठ उभा राहिला की बघत राहावं. तिघांनी आत बसून चहा घेतला. दाराच्या जाळीतून शेजारच्या चिनी काकूंनी डोकावून, तंबूला मच्छरदाणी समजून, काळजीने विचारलं, "यू ऑल गॉट डेंगी, ईज इट?"

"पाहिलंत?" श्रीनिवासराव चहाचा घोट घेत म्हणाले. "म्हणे अवघड असतं!"

मेखांची पिशवी या सगळ्यात उघडलीच गेली नाही. ती बॉम्ब शेल्टरमध्ये राहिली. (सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची ही खोली युद्धाच्या वेळी जीव वाचवण्यासाठी असते. मराठी माणूस तिच्यात गणपतीची आरास, पापडांचे डबे आणि इस्त्री न होणारे पडदे ठेवतो.)

फ्रान्समधल्या पहिल्या कॅम्पसाइटवर संध्याकाळच्या सोनेरी उन्हात श्रीनिवासरावांनी तंबू पसरला आणि सोफ्यासाठी इकडेतिकडे पाहिलं.

"मेखा?" शुभदाबाईंनी विचारलं.

"घरी आहेत," श्रीनिवासराव म्हणाले. आवाजात भीती नव्हती, उलट वस्तू हरवलेली नाही याचं समाधान होतं.

"अहो, मग कॅम्पसाइटच्या दुकानातून घ्या ना! दारातच टांगल्यात, जुड्याच्या जुड्या."

"घरी आहेत म्हटलं ना!"

"घर पुंगोलला आहे!"

"तेच म्हणतोय. आता घेतल्या तर घरी गेल्यावर डबल होतील."

घरी धूळ खात पडलेली वस्तू परमुलखात पुन्हा विकत घेणं हे मोघे कुळात चोरीपेक्षा वाईट समजलं जाई. चोरीत निदान वस्तू फुकट मिळते. अनुया म्हणाली, "बाबा, जस्ट बाय लाह!" पण बाबांनी तोवर एक दोर भाड्याच्या गाडीच्या दाराला, दुसरा आरशाला आणि बाकीचे झाडांना बांधून टाकले होते.

तंबू उभा राहिला. मात्र गाडी हलली की तंबू पडणार होता, आणि गाडी हलल्याशिवाय फ्रान्स दिसणार नव्हता.

त्यामुळे रोज सकाळी तंबू सोडायचा, घडी घालायची, ओल्या गवतासकट गाडीत कोंबायचा, आणि संध्याकाळी पुन्हा गाडीला बांधायचा. व्हर्दोंच्या दरीत, जिथे लोक दिवसभर कड्यावर पाय सोडून हिरवंनिळं पाणी बघत बसतात, तिथे मोघे पोहोचले तेव्हा लोक परत निघाले होते. कार्कासॉनचा किल्ला तर आतून बंदच झाला होता. श्रीनिवासरावांनी तटबंदीकडे पाहून धीर दिला, "किल्ला बाहेरूनच बघायचा असतो. शत्रूंनी काय आतून पाहिला होता?"

संध्याकाळच्या उतरत्या उन्हात शुभदाबाई बुरुजांकडे एकटक पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे सगळं राहू दे. पूल मात्र मला असा घाईत नको. नीट बघायचाय."

"नीट म्हणजे काय, पुलाच्या पायथ्याशीच तंबू ठोकू!" श्रीनिवासराव म्हणाले. (ठोकू हा शब्द त्यांनी अजून सोडला नव्हता.)

पायथ्याशी तंबू ठोकू देत नाहीत. पण त्याच नदीवर, थोडं वरच्या अंगाला एक कॅम्पसाइट होती. सहलीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते तिथे पोहोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळ गाठायचा होता. म्हणजे पूल आज नाहीतर कधीच नाही.

"आता तंबूबिंबू नको," शुभदाबाई म्हणाल्या. "आधी पूल."

"अगं, घाम बघ किती आलाय. दोन हजार वर्षं उभा आहे तो पूल, माझ्या आंघोळीपुरता थांबणार नाही का? आणि आडोसा नको का कपडे बदलायला?"

तंबू बांधला गेला. श्रीनिवासराव आंघोळ करून पंचा गुंडाळून आले. पुलासाठी राखून ठेवलेला पांढरा शर्ट आणि इस्त्रीची पँट त्यांनी तंबूत नीट मांडून ठेवली. मग त्यांना वेळ वाचवायची कल्पना सुचली. आधी दोर सोडून घ्यावेत, मग आत जाऊन कपडे घालावेत, आणि बाहेर येताच तंबू गुंडाळावा.

शेवटचा दोर सुटायला आणि वारा यायला एकच गाठ पडली.

त्या भागात उत्तरेकडून एक वारा येतो, त्याला मिस्त्राल म्हणतात. त्याबद्दल श्रीनिवासरावांनी पुस्तकात वाचलं होतं, तोंडओळख मात्र आज झाली. तंबू आधी फुगला, मग दावं तोडलेल्या खोंडासारखा उधळला, दोन जर्मन लोकांच्या जेवणाच्या टेबलाला वळसा घालून उतारावरून निघाला, आणि शर्ट-पँटीसकट थेट नदीत उतरला.

"अहो, तंबू!" शुभदाबाई ओरडल्या.

"धरतो!" म्हणत श्रीनिवासराव धावले.

"अहो, पंचा!"

"धरलाय!"

काठाकाठाने पायवाट होती. पुढे पाण्यातून निळा तंबू डौलात चाललेला, त्याच्या मागे काठावरून एका हाताने पंचा सावरत श्रीनिवासराव, त्यांच्यामागे एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात अनुया धरलेल्या शुभदाबाई. नदीत छोट्या होड्या वल्हवणारी मंडळी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शीळ घातली.

"बाबा, एव्हरीवन इज लुकिंग!" अनुया रडकुंडीला आली.

"त्यांना तंबू अडवायला सांग!"

"फ्रेंचमध्ये?"

"हातवारे कर!"

तिने हात हलवले. होडीवाल्यांनीही हात हलवले. तंबू पुढे गेला.

असे किती धावले, कोणाला ठाऊक. नदीने वळण घेतलं, तशी पायवाटही वळली, आणि शुभदाबाई जागच्या जागी थांबल्या.

समोर पूल होता.

उतरत्या उन्हात मधाच्या रंगाचा झालेला. कमानीवर कमानी, त्यांच्यावर आणखी छोट्या कमानी, आणि त्या कमानींतून दिसणारं आकाश. गाडीतळाच्या बाजूने आलं असतं तर तिकीटघर, आइस्क्रीमवाले आणि माणसांच्या डोक्यांमधून तुकड्यातुकड्याने दिसला असता. इथून, खालून, नदीच्या वळणावरून तो आख्खा एकदम समोर आला. शुभदाबाईंनी अनुयाचा हात सोडला. मग वर बोट दाखवून, अनुयाकडे न बघताच, वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हे बघ नंदा. सगळ्यात वरच्या रांगेच्या माथ्यावर. तिथून जायचं पाणी."

"आई, आय ॲम अनुया," अनुया म्हणाली. पण तीही वर बघत होती.

तेवढ्यात पुलाखालच्या खडकांपाशी एका होडीवाल्या तरुणाने तंबू अडवून काठावर आणला. शर्ट-पँट मात्र पुढे समुद्राच्या दिशेने निघून गेली होती. आजूबाजूला माणसं जमू लागली, तसा श्रीनिवासरावांना पंचा अपुरा वाटू लागला. त्यांनी ओला तंबू अंगाभोवती लपेटला, डोक्यावरूनही पुढे ओढून घेतला, आणि बायकोशेजारी येऊन उभे राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर त्यांना भरून आलं. हे आपल्यामुळेच घडलं, असंही क्षणभर वाटून गेलं.

"कसं वाटतंय?" त्यांनी तंबूतून विचारलं.

"खालच्या कमानींत चुना नाही म्हणे," शुभदाबाई पुलावरची नजर न काढता म्हणाल्या. "दगडावर दगड नुसता बसवलाय. दोन हजार वर्षं झाली, हलला नाही." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावरच्या तंबूच्या पदरातून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही."

आणि हसू लागल्या. इतक्या हसल्या की खडकावर बसावं लागलं. नवऱ्यावर चिडायला इतके दिवस साठवलेलं सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. होडीवाल्या तरुणाने त्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि तिघांचा पुलासकट फोटो काढून दिला. मग ऊन पुलावरून पूर्ण उतरेपर्यंत ते तिथेच बसून होते. त्या सहलीत घाई न करता पाहिलेली तेवढी एकच जागा.

श्रीनिवासराव आता निवृत्त झालेत. पुंगोलच्या खाडीकाठी इमारती इतक्या वाढल्या की आकाश बघायला मान वर करावी लागते. संध्याकाळी दोघं पाण्याच्या कडेने फिरायला जातात, आणि एखाद्या पुलावर वारा सुटला की शुभदाबाई नकळत नवऱ्याच्या शर्टाचं टोक धरतात. तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला श्रीनिवासराव त्या सहलीबद्दल सांगतात. सांगताना वारा दरवर्षी थोडा वाढतो.

गेल्या महिन्यात अनुयाचा होणारा नवरा तन्मय पहिल्यांदाच घरी जेवायला आला. पाया लेबारच्या ऑफिसात काम करतो, इथेच वाढलेला, मराठी जपून बोलतो. फोटोसमोर तो बराच वेळ थांबला.

"वा, काय क्लिअर आलाय! काकू, तुम्ही किती खूश दिसताय. काका आले नव्हते?"

"आले होते की," शुभदाबाई म्हणाल्या. "हे काय, माझ्या शेजारी."

तन्मय काचेला नाक लावून पाहू लागला. मग ओशाळून मागे सरकला आणि ताटावर येऊन बसला.

"सॉरी हां काका. मला वाटलं, पुलाची दुरुस्ती चाललीय, म्हणून ताडपत्री टाकलीय."

श्रीनिवासराव खुलासा करायला उठत होते, पण शुभदाबाईंनी तन्मयच्या ताटात आमटी वाढता वाढता सांगून टाकलं, "दुरुस्तीच चाललीय रे. लग्न झाल्यापासून. अजून काही फरक नाही."