लोकशाळेच्या तळच्या पायरीची हकिकत

श्री. सरस्वती साक्ष, आणि बुडती वाटीही साक्ष. शके सतराशें नव्वद, विभवनाम संवत्सरीं, अमुक एका राज्यांत जें घडलें तें डोळां देखिलें तैसें लिहितों. सरकारस्वारींनीं रयतेवर कृपाळू होऊन टोपीकरांच्या भाषेची लोकशाळा स्थापिली आणि दार कोणासही बंद नाहीं ऐसा हुकूम फर्माविला, आणि मग दाराच्या आंत चार पायऱ्या बांधविल्या. वरल्या पायरीवर खरी विद्या, खालच्या तीन पायऱ्यांवर मुळाक्षरें, आणि एकेक पायरी चढावयास एकेक वर्ष. कोणी कोठें बसावें हें एका घटकेच्या परीक्षेनें ठरे. पाण्यांत भोकाची वाटी सोडावी आणि ती बुडे तों प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. वाटी सोडण्याचें काम या लिहिणाराकडे होतें.

त्या सालीं बयजाबाई नामें सुईण, वय तीस, दाखल जाहली. तिच्या गांवीं दोन वर्षांत पांच बाळंतिणी उपचारावांचून गेल्या होत्या. वैद्यशाळेंत शिकून गांवीं परतावें हा तिचा हेत. परंतु वैद्यशाळेस वरल्या पायरीचा दाखला लागे, आणि बत्तीस वर्षांपुढें तेथें प्रवेश नाहीं. परीक्षेस बसली आणि एकेक ओळ दोनदां वाचूं लागली. पंतोजी बोलिले, "बाई, दोनदा काय वाचता? घटका भरत आली." ती म्हणाली, "औषधाच्या बाटलीवरलं एकदाच वाचलं व्हतं, पंतोजी, आन शेजारणीचं लेकरू जाता जाता राहिलं. तवापासनं दोनदाच वाचते." वाटी बुडाली तेव्हां निम्मा कागद कोरा, आणि लिहिलें तें सर्व बिनचूक. पंतोजींनीं तीस तळच्या पायरीवर बसविलें.

सहा महिने मुळाक्षरें गिरविलीं आणि मग बाईनें टोपीकरांच्याच भाषेंत स्वहस्तें अर्जी लिहिली कीं तीन पायऱ्या चढतां वैद्यशाळेचें वय निघून जाईल. सरकारस्वारी वाचून थक्क जाहली, "ऐसी भाषा आमच्या दिवाणासही येत नाहीं," ऐसें बोलिली, आणि खालच्या तिन्ही पायऱ्या मोडण्याचें फर्मान सुटलें. तोफा जाहल्या, साखर वांटली, आणि मग कारकुनानें बयजाबाईस कळविलें कीं पायरी मोडली, सबब तीवरील नांवें खारीज; परीक्षा नव्यानें द्यावी.

मी हळूच बोलिलों, "बाई, ह्या खेपेस एकदाच वाचा." ती म्हणाली, "ती सवय लागली, दादा, तर उद्या माझ्याच हातनं कुणी जाईल." वाटी बोटानें उचलून धरितों तर कोणास कळतें? धीर जाहला नाहीं. वाटी बुडाली. निम्मा कागद कोरा. खालीं बसवावयास पायरीच उरली नव्हती, सबब बाईस घरच्या वाटेस लाविलें. पौषांत तिच्या गांवची सहावी बाळंतीण गेली.

एकूण हकिकत इतकीच कीं पायऱ्या गेल्या आणि वाटी राहिली. हुकुमाप्रमाणें दार अद्याप उघडें आहे, आणि वाटी मीच सोडितों.